'स्वखुषीने'

मा. अध्यक्ष महोदय,
सा. न. वि. वि.

शिपायाबरोबर पाठवलेलं पत्र मिळालं. माझं पत्र माझ्याआधी आपणच टाइप करून ठेवलंत, हे पाहून भरून आलं. सत्तावीस वर्षं मी मुलांना पत्रलेखन शिकवते, पण लिहिणाऱ्याला फक्त सहीपुरतं ठेवायचं ही सोय आमच्या पाठ्यपुस्तकात कधी नव्हती.

'कौटूंबिक अडचणींमुळे मी मुख्याध्यापकपदावरील माझा सेवाजेष्ठतेचा हक्क स्वखुषीने सोडत आहे.' एका वाक्यात तीन चुका, साहेब. 'कौटुंबिक'मधला टु ऱ्हस्व. 'खुशी'तला श शहामृगाचा. आणि 'ज्येष्ठते'तला य? ज्येष्ठता खायची तर पहिल्या अक्षरापासूनच सुरुवात करावी, असा विचार दिसतो. कौटुंबिक अडचण मात्र खरी आहे. फक्त कुटुंब माझं नाही, आपलं आहे.

मुख्याध्यापक सर ३१ मेला निवृत्त झाले आणि १ जूनला आपल्या सूनबाई 'प्रभारी' झाल्या. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा कायदा १९७७चा, नियमावली १९८१ची. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी हवी, बी.एड. हवं, पदवीनंतर किमान पाच वर्षं पूर्णवेळ शिकवलेलं हवं आणि त्यातली दोन तरी बी.एड.नंतरची. अशा पात्र शिक्षकांत जो सर्वांत ज्येष्ठ आणि ज्याची सेवा समाधानकारक, त्याला नेमायचं. सूनबाईंना रुजू होऊन तीन वर्षं झाली, त्याआधी त्या कुठेच शिकवत नव्हत्या. पाचातून तीन वजा केले की किती उरतात, हे आपल्याला येत नसेल असं मी कसं म्हणू? येतं, म्हणून तर 'प्रभारी' हा शब्द सापडला. सह्यांचे अधिकार मिळाले की पगारबिलं निघतात, आणि पगारबिलं निघाली की कुणाची तक्रार नसते. आमच्या स्टाफरूममध्येही नाही. तिथे सध्या सगळे पावसावर बोलतात.

सूनबाईंवर माझा राग नाही. पोर कष्टाळू आहे. परवा संचमान्यतेचे कागद घेऊन माझ्याकडेच आली, "बाई, पटावरून पदं कशी मोजायची?" मी बसवून समजावलं. चाळिशी उलटल्यावर रविवार खर्चून मी मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापनाची पदविका केली होती. घरचे विचारायचे, हिचा उपयोग काय? आता सांगता येईल.

आपल्या पत्राकडे पुन्हा वळते. नियमात हक्क सोडायची वाट आहे, नाही असं नाही. एखाद्याला खरंच ती खुर्ची नको असते. दुखरे गुडघे असतात, घरी अंथरुणाला खिळलेली आई असते. अशा माणसानं लेखी द्यावं आणि ते आपखुशीनं दिलं आहे याची शिक्षणाधिकाऱ्यांनी खात्री करून घ्यावी, एवढंच. आपल्या पत्राबरोबर मात्र शिपायानं तोंडी निरोपही दिला: घाटाखालच्या शाखेला मराठीचा अनुभवी शिक्षक हवा आहे. तेव्हा 'स्वखुशी' या सामासिक शब्दाचा आपण केलेला विग्रह माझ्या लक्षात आला. 'स्व' म्हणजे अध्यक्ष.

आता नेमणुकीसाठी खरी लागते ती अर्हता कोणती, हेही कळलं. पदवी, बी.एड., अनुभव हे दुसऱ्याच्या फाइलीत असलं तरी चालतं. आपल्या फाइलीत त्या दुसऱ्याच्या सहीचं एक पत्र पाहिजे. हे आधी माहीत असतं तर रविवारी झोपले असते.

पत्र तांबड्या शाईनं तपासून सोबत परत पाठवत आहे. दहापैकी दोन गुण दिले आहेत, मायना आणि तारीख बरोबर आहे म्हणून. सही केली आहे, पण तपासणाऱ्याच्या जागी.

बढतीत डावललं गेल्यास कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येतं. माझं बाविसाव्या दिवशी दाखल झालं.

आपली,
ज्येष्ठ शिक्षिका ('य'सह)