काही करत नाही हो तो!

घरात तो दिवसभर लोळत असतो, पाहुण्यांच्या मांडीवर डोकं ठेवतो, कुकरची शिट्टी झाली की सोफ्यामागे जातो. त्यालाच लीश लावून गेटबाहेर न्यावं, समोरून दुसरं कुत्रं यावं, की हा मागच्या दोन पायांवर उभा राहून अख्खी गल्ली जागी करतो. पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीबाहेर हा कार्यक्रम सकाळी फुकट पाहायला मिळतो. नवख्या मालकांना वाटतं की हे आपोआप होतं, किंवा रक्तातच असतं. तसं नाही. एखाद्या गरीब जनावराला या थराला न्यायचं तर मालकाची मेहनत लागते, सातत्य लागतं आणि घरातल्या सगळ्यांचं सहकार्य लागतं. ज्यांना ही विद्या मुळापासून शिकायची आहे, त्यांच्यासाठी ही प्राथमिक पद्धत.

साहित्य

कुत्रा एक. जात कोणतीही चालते. लॅब्रॅडॉर, बीगल, रस्त्यावरून उचलून आणलेलं गावठी पिल्लू, सगळे तयार होतात. पिल्लू असेल तर फार उत्तम. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जगाची यादी करत असतं: हे ओळखीचं, ते भीतीचं. या काळात त्याला फ्लॅटमध्ये कोंडून ठेवा आणि ‘लसी पूर्ण झाल्या नाहीत’ हे कारण सांगा. पिल्लाला कडेवर घेऊन गेटपर्यंत जा, लांबूनच रिक्षा, माणसं, कुत्री दाखवा, असं एखादा जाणता पशुवैद्य सुचवेल. त्याच्या नादी लागू नका. तसं केलं तर दुसरी कुत्री ओळखीच्या यादीत जातात आणि पुढचं सगळं शिक्षण अवघड होतं.

लीश आखूड घ्या, नाहीतर फिरकीवर गुंडाळली जाणारी घ्या. फिरकीची अधिक बरी, कारण ती कधी सैल पडत नाही आणि ऐन वेळी आवरतही नाही. सहा फुटांची साधी, हातात झोका पडेल अशी लीश कुत्र्याला निवांत करते, म्हणून ती नको. गळ्यात आवळणारी साखळी किंवा आत वळलेल्या काट्यांचा पट्टा बांधा. अंगात घालायचा हार्नेस टाळा, त्यात ओढ गळ्यावर येत नाही. काट्यांचं काम कसं चालतं तेही समजून घ्या. कुत्र्याला समोर दुसरं कुत्रं दिसतं, तो पुढे झेपावतो, गळ्याला कळ लागते. चार-सहा वेळा असं झालं की त्याच्या हिशेबात कळ आणि समोरचं कुत्रं एकत्र नोंदवले जातात. आधी त्याला फक्त शंका होती, आता पुरावा मिळाला.

शेवटचं साहित्य म्हणजे मोबाइल. तो दुसऱ्या हातात हवा आणि नजर त्यात हवी. मालकाने वर पाहिलं तर समोरून येणारं कुत्रं त्याला वेळेत दिसण्याचा धोका असतो.

वैचारिक बैठक

‘मी या घरातला अल्फा आहे’ हे वाक्य रोज सकाळी आरशासमोर म्हणा. कुत्रा म्हणजे पाळलेला लांडगा, लांडग्यांत एक सरदार असतो, तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, म्हणून कुत्र्यालाही दाबलं पाहिजे, अशी ही परंपरा आहे. तिची मुळं रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निबंधात सापडतात. त्यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कुंपणात ठेवलेले लांडगे पाहिले होते. पुढे डेव्हिड मीच या अमेरिकी अभ्यासकाच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकातून ही कल्पना घरोघरी पोचली. नंतर डेव्हिड मीच यांनी कॅनडाच्या उत्तरेकडे एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, तेव्हा सरदार वगैरे कोणी निघालंच नाही. आई, बाप आणि त्यांची पोरं, असं ते साधं कुटुंब होतं. १९९९ मध्ये त्यांनी तसं लिहिलं आणि आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागेही लागले. नवशिक्यांनी हा उत्तरार्ध वाचायचं कारण नाही. परीक्षेला पूर्वार्धच येतो.

जागेची निवड

दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, मधून एक माणूस कसाबसा जाईल अशा गल्ल्या या कामासाठीच बांधल्यासारख्या असतात. मोकळी सुटलेली दोन कुत्री भेटतात तेव्हा सहसा सरळ चालून येत नाहीत. थोडा वळसा घेतात, जमीन हुंगतात, नजर चुकवतात, बाजूने येऊन शेपटीकडचा वास घेतात आणि आपापल्या वाटेने जातात. नजरेला नजर भिडवून सरळ पुढे येणं हे कुत्र्यांच्या रीतीत उद्धटपणाचं. लीश आणि गल्ली मिळून नेमकं तेच करायला लावतात. शिवाय घाबरलेल्या जनावराकडे पळून जाण्याचा एक सोपा मार्ग असतो, तो लीशने बंद होतो. पळता येत नाही म्हटल्यावर दुसऱ्याला पळवणं एवढंच हातात उरतं.

काही कुत्री भीतीने भुंकत नाहीत. त्यांना समोरच्याकडे जायचं असतं आणि जाऊ दिलं जात नाही, म्हणून ती चिडतात. लांबून दोन्हींचा आवाज सारखाच. फरक ओळखायचा तर कुत्र्याकडे नीट पाहावं लागेल, आणि मोबाइलचं काय करायचं ते वर ठरलेलं आहे.

गल्ली नसेल तर लिफ्ट वापरा. दार उघडतं आणि दोन हातांवर दोन तोंडं समोरासमोर येतात. जिन्याने जाऊ नका.

मुख्य कृती

समोरचं कुत्रं तुम्हाला दिसलं की आपल्या कुत्र्याला ते दिसायच्या आत लीशचे दोन वेढे मुठीला घ्या, श्वास रोखा आणि खांदे वर करा. कुत्रा मान वळवून बघेल की काय झालं. झालं काहीच नाही, पण तुम्ही ताठरलात म्हणजे काहीतरी भयंकर येतंय, एवढं त्याला कळतं.

यापुढे त्याच्या अंगावर बारीकसारीक खुणा दिसू लागतात. तोंड पटकन मिटतं, जीभ नाकावरून फिरते, झोप नसताना जांभई येते, पाठीवरचे केस उभे राहतात, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसतं, आणि मग तो एकदम थिजतो. ही सगळी त्याची विनंती असते: जरा लांब जाऊया का? तिच्याकडे लक्ष देऊ नका. सरळ चालत राहा. तो गुरगुरला तर लगेच एक फटका द्या. ही पायरी कोणीही गाळू नये. गुरगुरणं म्हणजे सूचना, आणि सूचना द्यायची मनाई झालेला कुत्रा पुढे सूचना न देता चावतो. मग आपल्याला ‘काही कळलंच नाही, अचानक चावला’ असं प्रामाणिकपणे सांगता येतं.

आता तो भुंकेल. तुम्ही त्याच्याहून मोठ्याने ‘नो! नो! ब्रुनो, नो!’ असं ओरडा. कुत्र्याला इंग्रजी येत नाही, मराठीही येत नाही. मालक आपल्यासोबत भुंकतोय एवढं मात्र त्याला समजतं आणि धीर येतो. दरम्यान समोरचा माणूस आपलं कुत्रं ओढत निघून जातो. तो तसाही जाणारच होता, त्याला ऑफिस असतं. पण तुमच्या ब्रुनोचा हिशेब पक्का होतो: मी भुंकलो, ते गेलं. असं रोज दोनदा. जगातल्या कुठल्याही शिक्षकाला एवढा खात्रीचा निकाल मिळत नाही.

गोंधळ अगदी टिपेला पोचला की वाकून त्याची कॉलर धरा. त्या क्षणी दात कुणाला लागतात ते कुत्रं पाहत नाही, त्यामुळे पोटरी किंवा मनगट जवळ असू द्या. आणि समोरच्याला ऐकू जाईल अशा बेताने, हसत, ठरलेलं वाक्य म्हणा: ‘काही करत नाही हो तो!’

काय टाळावं

या विद्येचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अंतर. प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं. तिथून त्याला दुसरं कुत्रं दिसतं, तो कान टवकारतो, पण हाक मारली तर वळतो आणि हातातलं खातो. कुणाचं वीस पावलांवर असतं, कुणाला अख्खं मैदान लागतं. त्या अंतराच्या आत गेलं की डोकं बंद आणि तोंड चालू. तिथे उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाशी धरला तरी त्याला तो दिसत नाही. बाहेर राहिलं तर मात्र शिकणं सुरू होतं, म्हणून बाहेर राहायचं नाही.

तरीही काही मालक राहतात. टेकडीच्या पायथ्याशी किंवा मैदानाच्या कडेला उभे राहतात, खिशात नखाएवढे चिकनचे तुकडे. लांबवर कुत्रं दिसलं की तुकडा देतात, ते दिसेनासं झालं की देणं बंद. क्रम उलटा होऊ देत नाहीत: आधी कुत्रं, मग चिकन. आधी चिकन दाखवलं तर काही दिवसांत कुत्रा चिकनलाच वचकतो, कारण त्यापाठोपाठ संकट येतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांनाही घंटा आधी आणि जेवण मागून मिळायचं. अशा मालकांचा कुत्रा काही आठवड्यांनी लांब कुत्रं दिसताच मालकाच्या तोंडाकडे बघायला लागतो: ते आलं, माझं कुठाय? मग ते चार पावलं पुढे सरकतात. बिघडलं तर सहा पावलं मागे येतात. अचानक कुणी वळणावर आलंच, तर वादविवाद न करता गर्रकन वळून उलट चालू लागतात, आणि हे वळणं घरातल्या पॅसेजमध्ये आधी गंमत म्हणून शिकवलेलं असतं.

पाहणाऱ्याला यात काहीही घडताना दिसत नाही. एक माणूस मैदानाच्या कोपऱ्यात उभा राहून कुत्र्याला कोंबडी चारतोय, एवढंच. बाकावरचे आजोबा ‘लाडावून ठेवलंय’ असं म्हणतात, आणि ते चारचौघांत ऐकून घेणं हा या उपचाराचा खरा खर्च आहे. साखळीचा हिसका द्यायला कमी धैर्य लागतं. लोकांना वाटतं, मालक काहीतरी करतोय.

वेळेची निवड हाही असाच मुद्दा. कुत्र्याच्या अंगात ताण साठत जातो. एका धक्क्यानंतर तो तासाभरात उतरेलच असं नाही, आणि वर दुसरा धक्का बसला की कालपर्यंत चालणारं अंतर आज चालत नाही. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याला मुद्दाम गर्दीच्या रस्त्याने न्या. गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की तेही सोडू नका. अशा दिवशी घरात राहून नाकाने हुडकायचे खेळ खेळणं, जुन्या टॉवेलमध्ये बिस्किटं गुंडाळून देणं, हा पळपुटेपणा.

रस्त्यावरची मंडळी

परदेशी पुस्तकांत समोरचं कुत्रंही बहुधा लीशला बांधलेलं असतं आणि त्याचा मालक ऐकून घेतो. आपल्याकडे समोर चारजण पानटपरीपाशी बसलेले असतात आणि त्यांचा मालक म्हणजे तो चौक. ते तिथेच का असतात याला कायदाही आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये नवे झाले. नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, ही त्यांची मूळ दिशा. कानाला खाच दिसली की समजायचं, याची नसबंदी झालेली आहे.

नवशिक्याने इथे काठी वापरावी. काठी फिरवली की चौकातली कुत्री उठतात, आपल्या कुत्र्याला युद्ध जाहीर झाल्याचं कळतं, आणि दोन्ही बाजूंना उद्याची आठवण राहते. मुरलेले लोक कोणता चौक कोणत्या टोळीचा हे पाठ करून ठेवतात आणि वळसा घालतात. वाट नसलीच तर खिशातलं मूठभर कोरडं खाणं त्या कुत्र्यांच्या मागे लांब फेकतात आणि न पळता निघून जातात. त्यांना खायला घालणाऱ्या बाईंशी ओळख ठेवतात. त्यांतलं कोण नुसतं भुंकतं आणि कोण खरंच येतं, हे त्या बाईंइतकं महानगरपालिकेलाही माहीत नसतं.

शंकासमाधान

तोंडाला मुसकं बांधावं का? मुळीच नाही, लोक काय म्हणतील! जाळीचं, ऐसपैस, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं असं मुसकं मिळतं. आत खाऊ ठेवून ठेवून ते घालायची सवयही लावता येते. पण ते पाहून लोक आपणहून लांबून जाऊ लागतात, म्हणजे पुन्हा अंतर आलंच.

पशुवैद्याला दाखवावं का? दुखणारा कान, खुब्याचा सांधा किंवा किडलेला दात कुत्र्याला चिडका बनवू शकतो. तो बरा झाला तर आपली मेहनत वाया जाईल.

दहा दिवसांत खात्रीने सरळ करून देतो म्हणणारा ट्रेनर आहे, त्याच्याकडे पाठवू का? अवश्य. कुत्रा परत येईल तेव्हा एकदम गप्प असेल. गप्प आणि निवांत यांतला फरक सहसा त्याच्या पुढच्या चाव्याच्या वेळी कळतो. तो चावा कुणाला लागलाच, तर मात्र ही पद्धत बाजूला ठेवून जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी डॉक्टर गाठा.

दोघांना एकदा सोसायटीच्या बागेत मोकळं सोडलं आणि आपापसांत काय ते होऊन जाऊ दिलं तर? हा प्रयोग परंपरेने रविवारी संध्याकाळी करतात, कारण तेव्हा जवळचा दवाखाना बंद असतो. ज्यांना एवढी घाई नसते ते दोन्ही कुत्र्यांना रुंद रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेने नुसतं चालवतात. रोज थोडं, आठवडेच्या आठवडे, अंतर हळूहळू कमी करत. त्यांतली काही कुत्री पुढे एकमेकांचा वास घेतात, काही आयुष्यभर नुसती शेजारून जातात, आणि तेवढं पुरतं. बागेचाच बेत कायम असेल तर टाक्यांचा खर्च कोणी किती द्यायचा हे आधी ठरवा. नंतर ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरत नाही.