सहीपुरतं सुख

बायकांना एवढं स्वातंत्र्य मिळालं, तरी त्या सुखी का नाहीत, हा प्रश्न हल्ली संशोधनाचा दाखला देऊन विचारला जातो. दाखला खरा आहे. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वोल्फर्स या अर्थतज्ज्ञ जोडीने अमेरिकेतल्या १९७२ पासूनच्या पाहण्या तपासून २००९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. सत्तरच्या दशकात तिथल्या बायका स्वतःला पुरुषांपेक्षा जास्त सुखी सांगत. पुढे शिक्षण वाढलं, पगार वाढले, नकोसं लग्न मोडता येऊ लागलं, आणि बायकांची ती आघाडी पुसली गेली. एवढं हाती लागल्यावर पुढचं वाचायला कुणी थांबत नाही. बघा, घरात होत्या तेव्हा सुखात होत्या, असं म्हणून लोक मोकळे होतात.

पुढचं वाचायला हवं होतं. त्याच निबंधात कृष्णवर्णीय बायकांची उत्तरं घसरलेली नाहीत, चढलेली आहेत. बाकीच्यांची घसरणही नोकरी करणाऱ्यांपुरती नाही, घर सांभाळणाऱ्यांचीही आहे. मग ‘घरी बसा आणि सुखी व्हा’ हा सल्ला या आकड्यांतून कुठून निघाला? तो सल्ला देणाऱ्यांनी घरूनच आणला होता.

अमेरिकेचं अमेरिका बघेल. मला भिवंडीबद्दल बोलायचं आहे, कारण बाईचं स्वातंत्र्य आणि तिने सांगितलेलं सुख यांचा हिशेब इथे थेट सातबाऱ्यावर दिसतो.

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतो. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तालुक्याचं रूप बदललं ते गोदामांनी. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली, दापोडे या पट्ट्यात जिथे भात पिकायचा तिथे आता पत्र्याच्या शेडमागे पत्र्याची शेड आहे. मुंबईकरांनी मोबाईलवर मागवलेली वस्तू पुष्कळदा इथूनच निघते. भाताच्या खाचराला जो भाव कुणी स्वप्नात धरला नव्हता तो आला, आणि त्याबरोबर एक प्रश्न आला: लेकीचा वाटा.

कायदा लेकीच्या बाजूने आहे. हिंदू घरातल्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राच्या ११ वर्षं आधी. २००५ मध्ये ती देशभर आली. ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मुस्लिम घरात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण तो धर्मानेच नेमून दिलेला. म्हणजे कागदावर भिवंडीतली बाई तिच्या आजीपेक्षा कितीतरी मोकळी आहे.

आता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात काय चालतं ते बघा. बहीण सासरहून येते, हक्कसोडपत्रावर सही करते, अंगठा देते, फोटो काढते आणि परत जाते. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाला फुकट सोडून द्यायचा तर मुद्रांक शुल्कही नाममात्र. वाटा मागायचा तर वकील, तारखा आणि वर्षं. एका हाताने दिलेला हक्क सोडणं सरकारने दुसऱ्या हाताने इतकं स्वस्त करून ठेवलं आहे.

त्या सही करून निघालेल्या बाईला कुणी पाहणीवाल्याने विचारलं, ताई, तुम्ही सुखी आहात का? ती हो म्हणेल, आणि खोटं बोलणार नाही. तिचं माहेर शाबूत आहे. भाऊबीजेला बोलावणं येईल, पोरीच्या लग्नात मामा पुढे उभा राहील, नवऱ्याशी बिनसलं तर चार दिवस जाऊन राहायला एक दार आहे. हे सगळं तिने आपल्या हिश्श्याची जमीन देऊन विकत घेतलं आहे. तिला ते फुकट मिळायला हवं होतं, जसं भावाला मिळतं.

आणि जिने सही दिली नाही तिला विचारा. भावजय बोलत नाही. आईचा फोन येतो तोही चोरून. गावात ‘बहिणीने भावाला कोर्टात ओढलं’ एवढीच बातमी उरते, भावाने बहिणीचा वाटा दाबला ही बातमी होत नाही. ती बाई ‘सुखी नाही’ असं उत्तर देईल. पाहणीच्या तक्त्यात मग हक्क सोडणारी सुखी आणि हक्क वापरणारी दुःखी, असं चित्र उमटेल, आणि कुणीतरी शहाणा म्हणेल की हक्कांनी बायकांचं वाटोळं केलं. हक्काने तिचं काहीही बिघडवलेलं नाही. हक्क वापरला म्हणून घराने तिला जो दंड लावला, त्याचं ते दुःख आहे. दंड वसूल करणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही.

ही वसुली जुनी आहे. रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न मानायला त्यांनी नकार दिला आणि तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. त्या वर्षी त्यांना सुखाबद्दल विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं? वर्तमानपत्रं बदनामी करत होती, सनातनी तुटून पडले होते. त्याच काळात लाखो मुली मुकाट नांदत होत्या आणि विचारलं असतं तर ‘बरं चाललंय’ म्हणाल्या असत्या. रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेच्या रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षं काम केलं.

गोदामाकडे परत येऊ. एकीची जमीन त्याच्या पायाखाली गेली, दुसरी त्याच्या आत खोकी भरायला आली. तिच्या हातात पगार आहे, मोबाईल आहे, एसटीचं अर्धं तिकीट आहे. शहर मात्र पुरुषांच्या मापाने बांधलेलं. २०११ च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या सात लाखांवर होती आणि त्यात बायकांपेक्षा पुरुष लाखाहून अधिक होते, कारण मागावरचा कामगार बायको-पोरांना गावी ठेवून येतो. मुंबईच्या बाईला निदान लोकलचा महिला डबा आहे. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, तिथे गाड्याच मोजक्या. म्हणून ठाणे-कल्याणहून गोदामातली बाई शेअर रिक्षात अंग चोरून येते, अंधार पडायच्या आत परत निघायची घाई करते. आणि घरी पोचली की दुसरी पाळी सुरू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, तसं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. आणि ही ८८ जे काहीतरी करतात त्यांची. बहुतेक पुरुष त्या हिशेबात येतच नाहीत.

बाई दमली की तिच्या पगाराला दोष द्यायचा, आणि ती २८९ मिनिटं तशीच ठेवायची, ही लबाडी आहे. मला त्याचा संताप येतो. गिरणीत आठ तासांची पाळी झाली तेव्हा कामगाराला कुणी विचारलं नव्हतं की आता तू पूर्वीपेक्षा किती टक्के सुखी आहेस ते सिद्ध कर, नाहीतर बारा तास परत आणतो. मतदानाचा हक्क मिळाल्यावर पुरुष आनंदी झाले का, याची पाहणी निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सुखाची पावती फक्त बाईकडे मागतात.

तरीही पाहणी करायचीच असेल तर जरूर करा, आणि भिवंडी तालुक्यातच करा. बहिणीला विचारा, तू सुखी आहेस का. मग त्याच गावात भावाच्या घरी जा आणि त्याला विचारा, तिने सही दिली नसती तर या भाऊबीजेला तिला बोलावलं असतं का? नवऱ्याला विचारा, काल रात्रीची भांडी कुणी घासली? तिघांची उत्तरं एकाच पानावर, शेजारी शेजारी छापा.