दाराबाहेरची खुर्ची

हॅरो, लंडन
रविवार, 29 मार्च 2026

तीर्थरूप आई-बाबांस,


रोज फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर आई बोलते आणि बाबा मागून "थंडी आहे का विचार" एवढंच म्हणतात. म्हणून हे पत्र बाबांसाठी. त्यांनी स्वतः वाचावं. आई वाचून दाखवताना सोयीचं तेवढंच वाचते.

आधी आईचा प्रश्न निकालात काढते. "एम.कॉम. होऊन साहेबाला चहा नेऊन देतेस का गं?" नाही. इथे ऑफिसात चहा पाळीपाळीने करतात, आणि दर मंगळवारी आमच्या बाईसाहेब माझ्यासाठी चहा आणतात. गरम पाण्यात बुडवलेली पिशवी, वर थंड दूध, आल्याचा पत्ता नाही. तो हसतमुखाने संपवणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम.

बाकी एक्झिक्युटिव्ह असिस्टंट म्हणजे काय, तर बाबा जिल्हा परिषदेत होते तेच: स्वीय सहाय्यक. साहेबांच्या दाराबाहेरची खुर्ची. टपालाच्या जागी इनबॉक्स आला आणि चिठ्ठी आत नेणारा शिपाई गेला, एवढाच फरक. फाईल जेवणाआधी ठेवायची की नंतर, हे बाबांना साहेबांच्या बुटांच्या आवाजावरून कळायचं. आमच्या बाईसाहेब स्पोर्ट्स शूज घालून येतात, आवाज येत नाही. त्यामुळे मला सगळं विचारून घ्यावं लागतं. रोज पावणेनऊला आम्ही दोघी पंधरा मिनिटं डायरी उघडून बसतो: आज काय टाळता येईल, कोणाला आपण उत्तर दिलेलं नाही, कोण उगाच वेळ मागतंय. ती पंधरा मिनिटं चुकली की दिवस लोकलच्या गर्दीसारखा अंगावर येतो.

सुरुवातीला मोठा घोटाळा नावाचा झाला. इथे वरिष्ठांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभच वळेना. पहिले तीन आठवडे, आजी जशी आजोबांना "अहो, ऐकलंत का" म्हणायची, तशी मी दारात उभी राहून नुसती खाकरायचे. शेवटी त्यांनी माझ्यासाठी घशाच्या गोळ्या आणून ठेवल्या. मग लाजेकाजेस्तव नाव घेतलं. उखाणा तेवढा राहिला.

दुसरी अडचण इथल्या बोलण्याची. "नॉट बॅड" म्हणजे उत्तम. "आय विल बेअर इट इन माइंड" म्हणजे हा विषय पुन्हा काढू नकोस. नवऱ्याला हे समजावून घ्यायला वर्ष लागलं, मला महिना. लहानपणापासून सहलीला जायचं विचारलं की बाबांचं "बघू" ऐकलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी नोकरीला तीन महिनेही झाले नव्हते. न्यूयॉर्कच्या मंडळींनी त्यांच्या सकाळी दहाची मीटिंग ठरवली. न्यूयॉर्क लंडनच्या मागे पाच तास, म्हणून मी डायरीत हाताने दुपारचे तीन लिहिले. पण अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्याच रविवारी पुढे जातं आणि इंग्लंडचं शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत अंतर चारच तासांचं असतं. दोन वाजता तिकडे सगळे पडद्यासमोर बसलेले, आणि आमच्या बाईसाहेब बागेत सँडविच खात होत्या.

बाबा, तेव्हा मला तुमची बाळाजी आवजींची गोष्ट आठवली. पत्र लिहायचं राहून गेलं, शिवाजी महाराजांनी वाचायला सांगितलं, आणि चिटणिसांनी कोऱ्या कागदावरून सगळं पत्र खडाखडा वाचून दाखवलं. क्षणभर वाटलं, आपणही कोरा कागद वाचावा: वेळ त्यांनीच बदलली म्हणून सांगावं. पण बाळाजी आवजींच्या काळी ईमेल नव्हती. मी तशीच बागेत धावले आणि न्यूयॉर्कहून फोन यायच्या आत सांगितलं, "चूक माझी आहे, ते अर्ध्या तासापासून थांबलेत."

त्या म्हणाल्या, "नॉट आयडियल." म्हणजे आपल्याकडे सत्यानाश. मग सँडविच गुंडाळून उठल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, आधी सांगितलंस ते बरं केलंस. (सांगितलंस की सांगितलंत, हे इंग्रजीत कळायला मार्ग नाही. मी सोयीने घेतलं.) त्या दिवसापासून त्या मला आतलं सांगू लागल्या: कोणावर चिडल्यात, कुठली बैठक नकोशी आहे, दर गुरुवारी संध्याकाळी समूहगानाची तालीम असते. ती तालीम डायरीत कुठेच नव्हती, आणि दर गुरुवारी कोणीतरी त्यावर मीटिंग टाकायचं. आता तिथे मी कायमचं "बाहेर बैठक" लिहून ठेवलंय. संचालक आले तरी हलत नाही. आईच्या सोमवारच्या उपासासारखं.

नोव्हेंबरात उसनं फेडलं. बाईसाहेबांना पॅरिसला जायचं होतं, पासपोर्टाची मुदत मे 2026 पर्यंत. त्या निर्धास्त. मी काढल्याची तारीख पाहिली: ऑगस्ट 2015. पूर्वी इथे जुन्या पासपोर्टाचे उरलेले महिने नव्याला जोडून मिळायचे, पण युरोपात शिरताना पासपोर्ट काढून दहा वर्षं झालेली चालत नाहीत. सेंट पँक्रस स्टेशनवरूनच परत पाठवलं असतं. त्यांनी तारखा बोटांवर दोनदा मोजल्या, मग तातडीने नवा काढला. त्यावर शेरा मिळाला, "क्वाइट युजफुल." बाबा, हे आपल्याकडच्या पद्मश्रीच्या जवळपास येतं.

पार्सल पाठवणार असाल तर त्यात गोडा मसाला घाला. भाजणी नको, कस्टमवाल्याला समजावताना घाम फुटतो. चिरंजीवांनी खाली त्यांचं मराठी लिहिलंय, "आजी" बरोबर आहे, बाकी अंदाजाने वाचा.

तुमची,
लेक

ता. क. आई, आज आमचं घड्याळ एक तास पुढे गेलं. तुझा सकाळी दहाचा फोन हिवाळाभर आमच्याकडे पहाटे साडेचारला वाजत होता. आजपासून साडेपाचला वाजेल.