जिलबी आणि अनित्य

मन शांत करायला आमचे एक स्नेही इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर करून आले. पहाटे ४ ला घंटा, दिवसाला सुमारे १० तास बैठक, आर्य मौन आणि मोबाइल आधीच जमा. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. स्नेह्यांनी तो पाहिला. पण श्वासाआडून सोसायटीचं पार्किंग, मेव्हण्याने बुडवलेले २० हजार आणि ‘गॅस बंद केला होता ना?’ हेही डोकावत राहिलं. दहाव्या दिवशी मौन सुटलं, ते आजतागायत सुटलेलंच आहे.

शिबिराला फी नव्हती, सगळा कारभार दानावर. घरी मात्र त्यांनी वर्गणी भरून ध्यानाचं अ‍ॅप घेतलं. ‘शांत व्हा’ म्हणत ते दिवसातून सहादा खणखणतं. परवा लग्नाच्या पंगतीतच खणखणलं. स्नेह्यांनी तत्काळ डोळे मिटले. वाढप्याला वाटलं, पोट भरलं. जिलबी पुढे सरकली.

सगळं अनित्य आहे, असं ते आम्हाला रोज समजावतात. ती हुकलेली जिलबी तेवढी नित्य.