इच्छुकांच्या यादीत भाऊजी

१० मार्च २०२४ रोजी भारतानं स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांशी व्यापार करार केला. पुढच्या पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक भारतात आणण्याचं आणि दहा लाख रोजगारांचं वचन त्यात आहे. आमच्या भाऊजींनी एवढ्या करारातलं एकच कलम लक्षात ठेवलं : स्विस घड्याळांवरची आयात जकात टप्प्याटप्प्यानं कमी होत सात वर्षांत शून्यावर येणार. १ ऑक्टोबर २०२५ पासून करार लागू झाला आणि त्याच दिवसापासून भाऊजींची घड्याळ खरेदी रखडली.

घड्याळ म्हटलं की महाराष्ट्रात भलतंच काही डोळ्यांसमोर येतं. तो विषय निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरून आलेला असल्यानं आपण इथं मनगटापुरतंच बोलू.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. चिंचवडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात उभा जन्म काढून निवृत्त झाले. खरेदी खात्यातल्या माणसाला स्वतःसाठी काही विकत घेणं जमत नाही. दुसऱ्याच्या पैशानं क्रेन मागवणारा हा गृहस्थ तीन ठिकाणचे भाव काढल्याशिवाय पूजेचा नारळही घेत नाही. तर त्यांच्या मनात आलं की निवृत्तीच्या पैशांतून दहा लाखांचं एक स्विस घड्याळ घ्यावं. कुठल्या कंपनीचं ते छापायचं नाही अशी मला ताकीद आहे, कारण सोसायटीत हल्ली चोऱ्या होतात. घड्याळ अजून घेतलेलंच नाही, ही त्यांच्या मते तांत्रिक बाब आहे.

त्यांचा एक्सेलचा तक्ता मी पाहिला आहे. करार लागू होण्यापूर्वी जकात मुळात २० टक्के आणि वर अधिभार, म्हणजे एकूण २२. ती सात वर्षांत गेली की झालं, असं आपल्यासारख्याला वाटतं. पण कंपन्याही दर वर्षी भाव वाढवत असतात. वर्षाला ५ टक्के वाढ धरली, तर आजचं १० लाखांचं घड्याळ सात वर्षांनी १४ लाख ७ हजारांचं होतं. त्यातली सगळी जकात उडाली असं मानलं तरी ते साडेअकरा लाखांना पडतं. (जकात लागते आयातीच्या किमतीवर, दुकानातल्या चिठ्ठीवर नाही. मधला नफा दुकानदाराचा, आणि तो कुठल्या करारात नाही. पण हे भाऊजींना सांगायचं धाडस कुणी केलेलं नाही.) म्हणजे थांबण्यात दीड लाखाचा तोटा. सबब, आजच घ्यावं.

तक्त्याचा दुसरा भाग पिवळ्या रंगात आहे. तेच १० लाख साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले आणि व्याजावर २० टक्के कर भरला, तरी सात वर्षांनी सव्वाचौदा लाख होतात. साडेअकरा लाखांचं घड्याळ घेऊन वर पावणेतीन लाख हातात राहतात. सबब, थांबावं.

तिसरा भाग त्यांनी मला कुजबुजत दाखवला. सव्वाचौदा लाख हातात असलेला माणूस साडेअकराचं घड्याळ कशाला घेईल? तो त्याच्या वरचंच बघेल. आणि वरचं बघायचं तर आजच का बघू नये? पण आज वरचं घ्यायला गेलं की किंमत दहा लाखांच्या पुढं जाते, आणि २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या पुढच्या घड्याळावर दुकानदार एक टक्का कर गोळा करून सरकारजमा करतो.

"तो तर विवरणपत्रात वळता होतो की," मी म्हणालो.

"पैसे परत येतात रे," भाऊजी म्हणाले. "नाव येत नाही परत."

मध्यंतरी जागतिक घडामोडींनीही त्यांना बरंच दमवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं स्विस मालावर ३९ टक्के शुल्क बसवलं, तेव्हा भाऊजींनी घरी श्रीखंड आणलं. त्यांचं म्हणणं असं की आता हे लोक माल घेऊन जाणार कुठं? येतील झक मारत लक्ष्मी रोडला. तीन महिने ते रोज सकाळी वर्तमानपत्रात स्विस घड्याळांच्या सेलची जाहिरात शोधत होते. पुढं नोव्हेंबरात स्विस उद्योगपती व्हाइट हाउसात जाऊन आले, सोबत रोलेक्सचं टेबलावरचं सोनेरी घड्याळ आणि सोन्याची एक वीट भेट म्हणून नेली, आणि शुल्क १५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. सेल बुडाला याचं भाऊजींना वाईट वाटलंच, पण खरी चडफड वेगळी होती. "त्या माणसाला," ते म्हणाले, "घड्याळ मिळालं, तेही यादीत नाव न घालता!"

स्विस फ्रँकचं तर नाव काढायची सोय नाही. १५ जानेवारी २०१५ ला तिथल्या मध्यवर्ती बँकेनं युरोशी बांधलेली दोरी एका सकाळी कापून टाकली, तेव्हा फ्रँक साठ-सत्तर रुपयांच्या घरात होता. आता त्यानं शंभरी केव्हाच ओलांडली आहे. सरकार जेवढी जकात सोडतं तेवढी रुपया परत भरून देतो. मुहूर्ताचंही तेच. साडेतीन मुहूर्त सगळे होऊन गेले. पाडव्याला सोन्याचा भाव बघून घरात सुतकी वातावरण होतं, अक्षय्य तृतीयेला एसी बिघडला, दसऱ्याला ताई म्हणाली की आपट्याची पानं घ्या.

इतका वेळ आपण असं धरून चाललो आहोत की भाऊजींनी ठरवलं की घड्याळ मिळेल. तिथंच गंमत आहे.

एका शनिवारी भाऊजी मला दुकानात घेऊन गेले. दार आतून एका सूटवाल्यानं उघडलं, आमच्या चपलांकडं पाहिलं आणि तरीही पाणी विचारलं. काचेच्या कपाटात मखमलीवर हवं ते घड्याळ मांडलेलं होतं. काळी तबकडी, पोलादी पट्टा, अगदी तेच. भाऊजींनी चष्मा पुसला. घड्याळाशेजारी बोटभर लांबीची पाटी होती : फक्त प्रदर्शनासाठी. पुण्यातला दुकानदार निदान माल संपल्यावर "संपलं" म्हणतो. समोर माल ठेवून नाही म्हणायची कला शिकायला जिनिव्हालाच जावं लागत असणार.

"घेऊ शकत नाही सर," तरुण अदबीनं म्हणाला, "पण आपण इच्छा नोंदवू शकता."

इच्छा नोंदवायचा फॉर्म होता. नाव, व्यवसाय, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आणि हे घड्याळ का हवं आहे. भाऊजींनी त्या ओळीवर "वेळ पाहण्यासाठी" असं लिहिलं. तरुणानं ते वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. मग त्यानं आवाज खाली आणून सांगितलं की यादी तशी नंबरवार नसते. दुकानाशी ज्यांचं नातं असतं त्यांचा विचार आधी होतो. नातं म्हणजे आधी काही खरेदी. एखादं दुसरं घड्याळ, जे सहज मिळतं. एखादा दागिना.

भाऊजींचा गोंधळ उडाला, माझा नाही. मुलाला शाळेत घालताना मी हे सगळं पाहिलं आहे. प्रवेश गुणवत्तेवरच असतो, फक्त इमारत निधीला स्वेच्छेनं काही दिलं तर गुणवत्ता लवकर दिसते. योगायोग असा की रोलेक्स ही कंपनीसुद्धा एका न्यासाच्याच मालकीची आहे. संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी आपल्या नावानं तो काढला. कंपनीला भागधारकांची घाई नाही, वर्षाला किती घड्याळं काढतो हे ती सांगत नाही, आणि गिऱ्हाईक थांबलं म्हणून तिचं काही अडत नाही.

पण भाऊजींच्या पिढीला थांबायला कोण शिकवणार? त्यांच्या वडिलांनी आकुर्डीच्या चेतकसाठी नंबर लावला होता. त्या काळी नंबर लावायचा आणि विसरून जायचं. पोरगं चौथीत असताना लावलेला नंबर ते कॉलेजात गेल्यावर लागायचा. कारखान्यानं किती स्कूटरी काढायच्या ते दिल्लीत ठरत असे, जास्त काढण्याची ताकद असली तरी परवानगी नसे. परदेशातल्या नातेवाइकानं डॉलर भरले की मात्र स्कूटर झटकन दारात. आणि नंबर लागलेली स्कूटर शोरूमच्या बाहेर आली की फुटपाथवरच तिला ऑन मिळायचा. टेलिफोनची तीच कथा, गॅसची तीच. एचएमटीचं घड्याळ हवं असलं तर बंगळुरूला कोणी ओळखीचं आहे का, अशी विचारपूस व्हायची. ताईच्या लग्नात बाबांनी जावयाला जे एचएमटी दिलं, ते असंच तिकडच्या एका मित्राला चार पत्रं लिहून मिळवलेलं. या सगळ्याला तेव्हा लायसन्स राज म्हणत आणि अग्रलेखांतून त्याचा उद्धार होत असे. १९९१ साली ते गेलं म्हणून आपण पेढे वाटले.

आता तीच रांग, तोच ऑन आणि तीच ओळख काढायची धडपड वातानुकूलित दुकानात आली आहे आणि तिथं कॉफी मिळते. ऑनसुद्धा तोच. यादीवर उभं राहायचं नसेल तर तेच घड्याळ बाहेरच्या बाजारात जादा पैसे मोजून मिळतं. करोनाच्या काळात या ऑनचा फुगा असा फुगला की लोक घड्याळ मनगटावर न घालता कपाटात ठेवून भाव बघत बसले. २०२२ च्या सुरुवातीला तो शिगेला पोचला आणि मग खाली आला. शिगेवर घेणारे आता "आम्ही गुंतवणूक म्हणून नव्हतंच घेतलं" असं सांगतात. समाजवादानं जे नाइलाजानं केलं ते भांडवलशाहीनं खुशीनं केलं, आणि लोकांनी त्याचे जादा पैसे मोजले. आकुर्डीला तेव्हा एवढंच सुचलं नाही की चेतकशेजारी "फक्त प्रदर्शनासाठी" अशी पाटी लावावी.

गुंतवणुकीचा मुद्दा भाऊजींनीही काढून पाहिला. अभिनेता पॉल न्यूमन याचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला गेलं, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते घड्याळ पॉल न्यूमनचं होतं म्हणून गेलं, हे मी निदर्शनास आणलं. खरेदी विभागातले एक निवृत्त अधिकारी यांचं घड्याळ म्हणून लिलावात काय बोली लागेल, यावर आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो.

वेळेच्या अचूकतेबद्दल बोलू नये हे बरं. स्वित्झर्लंडमध्ये अधिकृत चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळालेलं घड्याळ दिवसाला ४ सेकंद मागं किंवा ६ सेकंद पुढं गेलं तरी चालतं. कॅसिओचं १९८९ मध्ये बाजारात आलेलं प्लास्टिकचं काळं घड्याळ महिन्याला ३० सेकंद इकडं-तिकडं होतं, आणि ते हजार-दीड हजारात कुठलीही इच्छा न नोंदवता मिळतं. दहा लाखांचं घड्याळ दोन-तीन दिवस काढून ठेवलं की बंद पडतं. तसं होऊ नये म्हणून एक विजेवर चालणारी पेटी मिळते. घड्याळ तिच्यात ठेवायचं आणि ती ते रात्रंदिवस हळूहळू फिरवत राहते. भाऊजींनी ही पेटी मागवली. घड्याळ यायचं आहे, पेटी आली. शोकेसमध्ये गणपतीशेजारी ती रिकामीच फिरत असते. ताई तिला पाळणा म्हणते आणि आल्यागेल्याला दाखवते.

ताईनं आजवर या प्रकरणात मत दिलेलं नव्हतं. पण एकदा तिनं एक्सेलचा पिवळा भाग वाचला, दुसऱ्या दिवशी बँकेत गेली आणि दहा लाखांची सात वर्षांची मुदत ठेव करून आली. दोघांच्या नावावर. भाऊजींना काही बोलता आलं नाही, कारण हिशेब त्यांचाच होता. उलट त्यांना जरा मोकळं वाटलं असावं. आता सात वर्षं कोणी विचारणार नव्हतं आणि यादीतलं नावही जागेवर होतं.

परवा दुकानातून फोन आला, तेव्हा भाऊजी अंघोळीला गेले होते. ताईनं उचलला. सरांचं मॉडेल अजून आलेलं नाही, पलीकडचा तरुण म्हणाला, पण मॅडमसाठी एक सुंदर घड्याळ आहे. लहान तबकडी, कडेनं हिरे, आजच नेता येईल. शिवाय त्यानं सरांच्या नावालाही मदत होईल. ताईनं फोटो पाठवायला सांगितलं. भाऊजी टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा ती बँकेच्या मॅनेजरशी बोलत होती. मुदत ठेव मध्येच मोडली तर व्याजातून नेमकं किती कापतात, असं विचारत होती.