पापलेटाचा वहन आकार

रेवस बंदरावर उभं राहिलं की समोर करंजा, त्याच्या पाठीशी उरण. 1974 साली मुंबई हायला तेल-वायू सापडला. त्यातला वायू किनाऱ्याला लागतो तो उरणला. त्यावर वीज काढणारं केंद्रही तिथंच. इकडे आमच्या बाजूला थळ, तिथे वायूपासून युरिया होतो. दोन्ही अंगांना वायू आणि मधे आम्ही. आमच्या आळीत मात्र तो टेम्पोतून येतो, लाल टाकीत बसून. आणि वीज समोरच तयार होते म्हणून स्वस्तात मिळेल, असंही कुणी समजू नये. तिला ‘वहन आकार’ पडतो.

विजेची किंमत म्हणजे वीज आकार. ती तारांमधून दारात आणल्याची हमाली म्हणजे वहन आकार. उद्या मासळीवाल्या मावशीने हाच हिशोब धरला तर? “पापलेट चारशेला. टोपली डोक्यावरून आणली, ते वेगळे. तुम्ही घ्या न घ्या, मी इथं बसते, त्याचा स्थिर आकार. दोन महिन्यांमागे तुम्ही खाल्लेल्या बांगड्याला डिझेल महाग पडलं होतं, ते इंधन समायोजनात आता द्या. आणि माशावर, टोपलीवर, बसण्यावर, डिझेलवर मिळून 16 टक्के शुल्क. ते माझं नाही हो, सरकारचं!” मावशीशी आपण दहा रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालतो. वीजबिल मात्र मोबाइलवरून निमूट भरतो, वर पावतीचा फोटो मुलाला पाठवतो.

आमच्या शेजारचे नाना महिनाअखेरीला पंखा बंद करून घामाघूम बसतात. शंभर युनिटांच्या वर एक जरी गेलं तरी सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, अशी त्यांची खात्री. हा समज गावभर आहे आणि साफ चुकीचा आहे. वरचा दर फक्त 101व्या युनिटापासून पुढच्यांना. अर्थात तो पहिल्या शंभरांच्या दराच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे नानांचा घाम अगदीच फुकट जात नाही. चालू रीडिंगमधून मागचं वजा केलं की वापरलेली युनिटं निघतात. बिलावरचं एवढं एकच गणित चौथीच्या पोराला जमेल, आणि नेमकं तेच कुणी करून बघत नाही.

आणखी गंमत आहे ती कुलूपबंद घरांची. माणसं मुंबईला, घर उघडतं गणपतीत आणि शिमग्याला. युनिट शून्य, तरी स्थिर आकार चालूच. त्यातून मीटर घराच्या आत असला तर रीडिंग मिळत नाही आणि बिल सरासरीने येतं. कुलूप सरासरी किती वीज खातं, हे आम्हाला त्यावरून कळलं. पुढे रीडिंग मिळालं की ते वळतं करतात, तोवर धीर धरावा.

गॅसचं बिल त्या मानाने गरीब. 14.2 किलो वायू, 5 टक्के जीएसटी, निम्मा दिल्लीला, निम्मा मुंबईला. वाचायची ती टाकी. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात 14.2 मिळवले की काट्यावर काय दिसायला हवं ते कळतं. जवळच ‘सी-28’ असं काही असेल तर 2028च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत तिची तपासणी करायची आहे. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. नाना ते वजनाची प्रत समजत होते. टाकी वजन करून मागायचा हक्क आपला. मागून बघा, काटा नेमका आजच गाडीत नसतो.

पाइपने गॅस आला की सुटलो, असं नाना म्हणतात. मी सांगितलं, नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे त्याला व्हॅट लागेल, मीटर बसेल आणि आणखी एक बिल येईल. नाना क्षणभर गप्प झाले. तसा रेवसहून करंजाला जायचा पूलही मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून येतोच आहे. पूल आधी येतो की पाइप, यावर बंदरावर पैज लागली आहे, आणि नानांनी पुलावर पैसे लावलेत.