आजाराचा पिनकोड

आरोग्यविमा घेताना एजंट तब्येतीआधी पिनकोड विचारतो. बऱ्याच कंपन्यांच्या लेखी मुंबई-ठाणे म्हणजे वरचा झोन, हप्ता जास्त. कुडाळ-सावंतवाडी खालचा, हप्ता कमी. आपण खूश! या स्वस्ताईचं कारण काही पॉलिसींत बारीक अक्षरांत असतं: खालच्या झोनवाल्याने मुंबईत उपचार घेतले, तर बिलाचा ठरावीक टक्का त्याने स्वतः भरायचा. थोडक्यात, सिंधुदुर्गकराने हृदयविकारही जिल्ह्याच्या हद्दीतच उरकावा. इथे दुखणं जरा बळावलं की अ‍ॅम्ब्युलन्स गोव्यातल्या बांबोळीची, कोल्हापूरची नाहीतर मुंबईची वाट धरते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कंपनीला तेवढं नाही.

पुढची गंमत खोलीभाड्याची. मर्यादा रोजची ५,००० आणि खोली १०,००० ची घेतली, तर अनेक पॉलिसींत भाड्याबरोबर सर्जनची फीही निम्मीच मिळते. खोली महागली की भूलही महागते म्हणे.

सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, ते बरं झालं. तरी सही करण्याआधी झोनचं कलम एजंटकडूनच मोठ्याने वाचून घ्या.